अँबॅसिडरचं हेड बनवताना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं इंजिनाच्या हेडचं, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या झाकणाचं, काम चालतं. येतात ती बहुतेक ट्रॅक्टरची आणि पिकअपची हेडं, पण अधूनमधून जुन्या अँबॅसिडरचं एखादं येतं. ते आणणारा माणूस हमखास मोबाईल पुढे करतो. त्यात कुठल्यातरी परदेशी हेडचे चकचकीत घोटलेले पोर्ट, म्हणजे हवा-धुराच्या वाटा. म्हणतो, "मास्तर, अस्सं करून द्या." मी त्याला विचारतो, गाईडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीत, व्हॉल्व्ह किती हलतो ते बघितलंस का? चेंबर, म्हणजे पेट्रोल पेटतं ती पोकळी, किती सीसीचं आहे? मग शांतता. या इंजिनाची ताकद पोर्टच्या चकाकीत नाही. ती व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे मिटताना व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर, आणि सीटच्या आगेमागे बोटभर जागेत आहे, आणि बाकी सगळा मापाचा खेळ आहे. ज्यांना हे काम स्वतः करायचंय किंवा शॉपमध्ये उभं राहून डोळ्यांदेखत करून घ्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी इंजिन कुठलं ते पक्कं करा. मी बोलतोय ते १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाबद्दल, ज्यात व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि ते उघडणारा कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो. डिझेलला आणि नंतर आलेल्या १८०० सीसी इसुझूला यातलं बरंचसं लागू नाही. हे इंजिन मूळचं इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचं, बी सिरीज. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९. नेमक्या याच बोअर-स्ट्रोकचं इंजिन एमजीए नावाच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीत होतं. तिथे ८.३ कॉम्प्रेशन (म्हणजे मिश्रण ८.३ पट दाबलं जाणं), एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर आणि व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम यांच्या जिवावर ते सुरुवातीला ६८ आणि पुढे ७२ हॉर्सपॉवर देत होतं. आपली अँबॅसिडर पन्नास-पंचावन्नच्या घरातली. म्हणजे वाढायला जागा आहे, पण किती आहे हेही कंपनीनंच दाखवून ठेवलंय. शंभराची स्वप्नं बघणाऱ्यानं दुसरं इंजिन शोधावं. आणि चारी चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी असेल तर हेडला हात लावायच्या आधी ब्रेक नीट करून घ्या.

हेड उतरवताना

इथे एक गोष्ट घाईत सुटते. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्या दांड्यावर डुलतात, त्या रॉकर शाफ्टचे जे चार मोठे नट आहेत, ते नुसते रॉकरचे नाहीत, हेडच्या अकरा नटांपैकीच आहेत. नुसता रॉकर काढायचा म्हणून तेवढेच चार सोडले, तर हेड एका बाजूनं मोकळं आणि दुसऱ्या बाजूनं आवळलेलं राहतं. ते वाकू शकतं, आणि पाणी गॅस्केटवरून सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून आधी रेडिएटर आणि ब्लॉकचं पाणी काढा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मग अकराही नट थोडे थोडे करून, आलटून पालटून सैल करा.

पुशरॉड (कॅमची ढकल रॉकरपर्यंत नेणाऱ्या सळया) काढताना पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात ओळीनं खोचा. व्हॉल्व्हचंही तसंच. पुशरॉड वर खेचताना हलकेच फिरवून घ्या, नाहीतर तेलाच्या चिकटपणानं खालचा टॅपेट (कॅमवर टेकणारा ठोकळा) वर येतो आणि जागा सोडून आडवा पडतो.

हेड धुऊन झालं की पहिलं काम तडे शोधायचं. इनलेट व्हॉल्व्ह हवा-पेट्रोल आत घेतो, एक्झॉस्ट धूर बाहेर सोडतो. पुढून मोजत गेलं तर व्हॉल्व्हचा क्रम असा आहे: एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, आणि पुन्हा एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट. म्हणजे बरोबर मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट एकमेकांना खेटून आहेत आणि दोघांचा धूर एकाच पोर्टातून जातो. सगळी आग तिथे एकवटते. तडा शोधायची सुरुवात तिथूनच करा. लाल डाय मारून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर मारला की केसाएवढी रेघसुद्धा उमटते. हेड तडकलेलं निघालं तर दुसरं बघा. जुन्या बाजारात अजून मिळतात. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील, पण बिडाच्या हेडवर सीटच्या जवळ केलेलं वेल्डिंग मला तरी पटत नाही.

गाईड आणि सीट

पैसे थोडेच असतील तर सगळे इथेच घाला.

गाईड आधी, कारण सीट कापणारं कटर गाईडच्या भोकात पायलट (मध्य धरणारी दांडी) घालून फिरतं. गाईड ढिलं असेल तर सीट गाईडशी मध्यात येत नाही, आणि मग कितीही पेस्ट घासा, व्हॉल्व्ह एका बाजूनं गळतो. नवा व्हॉल्व्ह गाईडमध्ये घालून थोडा उचला आणि डोक्याला डायल लावून आडवा हलवा. जाणवण्याइतका खडखडला तर गाईड बदला. जुनं काढायच्या आधी स्प्रिंगच्या बैठकीपासून ते किती वर आलंय ते व्हर्निअरनं मोजून लिहून ठेवा. नवं तेवढंच वर ठेवायचं. जुनं गाईड चेंबरच्या दिशेनं खाली ठोकून काढायचं, त्यासाठी पायऱ्या असलेला ड्रिफ्ट वापरा, साधा बोल्ट नको. नवं बसलं की रीमर मारा. एक्झॉस्टच्या गाईडला इनलेटपेक्षा थोडी जास्त फट लागते, कारण तो दांडा जास्त तापतो आणि फुगतो. इनलेटला दीड ते अडीच थाऊ (इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्टला दोन ते तीन, असं मी धरतो.

आता सीट. या हेडला मुळात वेगळी सीट नाही, बिडातच कापलेली आहे. पेट्रोलमध्ये शिसं होतं तोवर ते चाललं, कारण शिशाचा थर सीट आणि व्हॉल्व्हच्या मध्ये गादीचं काम करायचा. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि ती गादी गेली. तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बिडाला क्षणभर चिकटतो, सुटताना कणभर बीड घेऊन सुटतो. असं करत सीट आत आत जाते, टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधली, आपोआप कमी होते, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. मग जळतो. गाडी गावात हळू फिरवायची असेल तर हे व्हायला वर्षं लागतात. पण तुम्ही कॉम्प्रेशन वाढवून तिला घाट चढवणार असाल तर चारही एक्झॉस्टला कठीण सीट घाला. इनलेटला गरज नाही. पेट्रोलच्या गारव्यानं तो तापतच नाही तेवढा.

कठीण सीट घालताना खड्डा किती खोल जातो याकडे डोळे लावून बसा. मधल्या दोन एक्झॉस्टच्या खाली पाण्याची पोकळी जवळ आहे. सीटपेक्षा खड्डा तीन-चार थाऊ लहान ठेवतात, हेड गरम करून आणि सीट गार करून दाबतात. शॉपवाला म्हणाला की लॉकटाइटचा गोंद लावून बसवतो, तर हेड उचला आणि घरी या.

मग सीटचे कोन. ज्यावर व्हॉल्व्ह टेकतो तो ४५ अंशाचा. त्याच्या वर चेंबरकडे ३० अंशाचा आणि खाली पोर्टकडे ६० अंशाचा कट द्यायचा. या दोघांनी मधली पट्टी अरुंद होते आणि आत येणारी हवा एकदम न वळता वळणावळणानं वळते. इनलेटला पट्टी दीड मिलिमीटरच्या आसपास, एक्झॉस्टला दोन. एक्झॉस्टची उगाच बारीक करू नका. व्हॉल्व्हची उष्णता त्या पट्टीतूनच हेडमध्ये आणि पुढे पाण्यात जाते. स्पर्धेच्या गाडीचा आकडा बघून ती एक मिलिमीटरवर आणली की दोन हंगामांत व्हॉल्व्ह जळतो. पट्टी व्हॉल्व्हच्या तोंडावर बाहेरच्या कडेच्या जरा आत उमटली पाहिजे. मार्किंग ब्ल्यू लावून, व्हॉल्व्ह टेकवून, किंचित फिरवून बघा. सलग गोल उमटला तर काम झालं. शेवटी बारीक पेस्टनं थोडंसं घासायचं, तेही खात्रीपुरतं.

इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर, सीटच्या पट्टीच्या लगेच मागे, ३० अंशाचा एक कट ग्राइंडरवर मारून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि व्हॉल्व्ह नुकताच उघडत असतो तेव्हा हवेला त्याचा फार उपयोग होतो. एक्झॉस्टला नको.

मोठे व्हॉल्व्ह घालू का, असं विचारतात. एमजीए १५०० चा इनलेट दीड इंचाचा, म्हणजे ३८.१ मिलिमीटरचा होता आणि एक्झॉस्ट साडेबत्तीसचा. आधी तुमचे व्हॉल्व्ह मोजा. तेवढे असतील तर तेवढेच ठेवा. पुढच्या १८०० सीसी एमजीबीचे याहून मोठे, पण तिचं बोअर ८० मिलिमीटरचं. आपल्या ७३ च्या बोअरमध्ये व्हॉल्व्हची कड भिंतीजवळ आली की हवा तिथेच अडते, आणि मोठ्या व्हॉल्व्हचा निम्मा फायदा भिंत खाते.

पोर्ट: कमी खरवडा

या हेडला इनलेटची तोंडं दोनच आहेत. पहिला आणि दुसरा सिलिंडर एकातून ओढतात, तिसरा आणि चौथा दुसऱ्यातून. एक्झॉस्टची तीन. सगळी एकाच बाजूला, आणि पुशरॉडही त्याच बाजूनं पोर्टांच्या मधून वर येतात. त्यामुळे पोर्ट रुंद करायला गेलात की पुशरॉडच्या भोकाची भिंत पातळ होते. आरपार गेलं तर इनलेट तेलाची वाफ ओढायला लागतं. त्या बाजूला हात लावायचा नाही, इतकं साधं आहे.

खरवडायचं ते सीटच्या खालच्या वाटीसारख्या भागात. तिथे कारखान्यातलं कटर थांबलंय त्या जागी एक धारदार काठ राहिलेला असतो, कठीण सीट घातली असेल तर तिच्या खालीही पायरी पडते. ती घालवा. कार्बाइड बर लावून हळू हळू, सीटच्या ६० अंशाच्या कटापासून पोर्टच्या छतापर्यंत सलग उतार करा. पोर्टच्या खालच्या बाजूचं वळण जिथे सगळ्यात तीव्र आहे, तिथे बीड जास्त काढू नका, फक्त गोलाई द्या. हवा त्या वळणावर भिंत सोडते. तिथला मधला भाग खोदला तर ती आणखी लवकर सोडते. गाईडभोवतीचा उंचवटा दोन्ही बाजूंनी निमुळता करा, गाईड कापू नका. एक्झॉस्टचं गाईड तर अजिबात नाही, कारण दांड्याची उष्णता तेच खेचतं.

इनलेट पोर्ट ८० नंबरच्या एमरीवर सोडून द्या. थोडी खरखर असलेली बरी, भिंतीवर बसलेलं पेट्रोल ओघळत न राहता पुन्हा हवेत मिसळतं. एक्झॉस्ट गुळगुळीत करा, काजळी कमी धरते. मोबाईलमधली ती चकाकी हवीच असेल तर रॉकर कव्हर पॉलिश करा.

मग मॅनिफोल्डचं गॅस्केट हेडवर आणि मॅनिफोल्डवर ठेवून खूण करा. पायरी पडत असेल तर जुळवून घ्या. बिडाची पूड फार बारीक असते, तोंडाला चांगला मास्क हवा, रुमाल नव्हे.

चेंबर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं आहे, दोन व्हॉल्व्हच्या मध्ये एक टोक आत आलेलं. ही हॅरी वेस्लेक या इंग्रज तंत्रज्ञाची करामत. ते टोक मिश्रणाला ढवळतं आणि कमी दर्जाच्या पेट्रोलवरही खटखट (मिश्रण एकदम भडकल्याचा आवाज) आवरतं. काही जण ते कापून टाकतात. नुसती धार मोडा, टोक ठेवा. इनलेटच्या कडेची चेंबरची भिंत व्हॉल्व्हला फार खेटली असेल तर मागे न्या, पण गॅस्केटच्या भोकाच्या खुणेच्या आत राहून.

कॉम्प्रेशनचं गणित

इथे लोक हेडचा फेस मारून, म्हणजे खालची सपाट बाजू घासून, घेतात आणि खूश होतात. जरा हिशेब करू.

एका सिलिंडरचं आकारमान १४८९ भागिले चार, म्हणजे ३७२ सीसी. समजा आत्ता कॉम्प्रेशन ७.२ आहे, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३७२ भागिले ६.२, म्हणजे ६० सीसी. ८.३ हवं असेल तर ५१. नऊ सीसी कमी करायचेत. आता चेंबरचा तळाकडचा आकार आलेख कागदावर उमटवा आणि चौकोन मोजा. समजा ३० चौरस सेंटिमीटर भरलं. मग एक मिलिमीटर फेस मारला की तीन सीसी कमी होतात. ६० चे ५७ झाले, आणि कॉम्प्रेशन ७.२ चं ७.५. एवढंच. नऊ सीसीसाठी तीन मिलिमीटर काढायला गेलात तर हेड कामातून जाईल.

बाकीची जागा आहे कुठे? पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत. म्हणून इंजिन तसंही उघडणार असाल तर उथळ वाटीचे पिस्टन शोधा आणि फेस फक्त सपाटीपुरता मारा. इंजिन उघडणार नसाल तर एक मिलिमीटरपर्यंत मारा आणि समाधानी राहा.

चेंबर मोजायला ॲक्रिलिकचा तुकडा घ्या, एक बारीक भोक पाडा, कडेला ग्रीस लावून चेंबरवर चिकटवा. प्लग आणि व्हॉल्व्ह जागेवर हवेत. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ब्युरेटनं रंग घातलेलं रॉकेल सोडा आणि आकडा लिहा. गॅस्केटचे साधारण चार सीसी धरा: ७४ मिलिमीटरचं भोक, दाबल्यावर ०.९ मिलिमीटर जाडी. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत जुळली पाहिजेत. लहान चेंबर मोठ्याच्या बरोबरीला आणा, आणि मगच फेस मारा. आधी फेस मारला तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

हेड खाली आलं म्हणजे रॉकरही ब्लॉकच्या जवळ आले. पुशरॉड तेवढेच लांब राहिले. व्हॉल्व्ह अर्धा उघडलेला असताना रॉकरचं टोक दांड्याच्या मधोमध टेकायला हवं. मार्करचा रंग लावून फिरवून बघा. कडेला जात असेल तर रॉकर शाफ्टच्या पायाखाली, म्हणजे पेडेस्टलखाली, पातळ पत्र्याची शिम घाला.

रॉकर, स्प्रिंग, कॅम

रॉकर शाफ्ट वरून नवा दिसतो आणि खालून खाल्लेला असतो. सगळे रॉकर सरकवून खालच्या बाजूनं नख फिरवा. पायरी लागली की शाफ्ट बाद, आणि सहसा रॉकरचे बुशही. रॉकरच्या टोकावर खळगा पडला असेल तर फिलर गेज खळग्यावरून पूल बांधतं आणि फट कमी दाखवतं. तुम्ही १५ थाऊ म्हणून सेट केलेलं प्रत्यक्षात २० असतं, आणि मग "टॅपेट सेट केले तरी टकटक जात नाही" म्हणून माझ्याकडे येता.

साधा कॅम असेल तर नव्या साध्या स्प्रिंगा पुरतात. जड स्प्रिंगनं गाडी पळत नाही, कॅम झिजतो. कॅम बदलणार असाल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना स्प्रिंगच्या वळ्यांमध्ये मिळून किमान एक मिलिमीटर फट उरते का ते बघा. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं छोटं रबरी रिंग स्प्रिंग दाबलेली असताना, पण स्प्रिंग अडकवणारं लॉक बसवायच्या आधी घालायचं. स्प्रिंग दाबायच्या आधीच घातलं तर कापलं जातं.

कॅमबद्दल माझं मत ठाम आहे. एमजीएचा कॅम इनलेट १६ अंश आधी उघडतो आणि ५६ अंश उशिरा मिटतो, एक्झॉस्ट ५१ अंश आधी उघडून २१ अंश उशिरा मिटतो. म्हणजे २५२ अंशांचा. याच्या पुढे जाऊ नका. कारण फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आहे. दुसऱ्या सिलिंडरचं ओढणं संपतं न संपतं तोच पहिला त्याच तोंडातून ओढायला लागतो, तिसऱ्या-चौथ्याचंही तेच. कॅम जितका लांब, तितका वेळ दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे, आणि शेजारी शेजाऱ्याच्या ताटातलं खातो. बाजारपेठेतून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धक्के खात चालते ती यामुळे.

नवा कॅम म्हणजे नवे टॅपेट, हा सौदा एकत्रच करायचा. झिजलेला टॅपेट नव्या कॅमला महिन्याभरात खातो. असेंब्ली पेस्ट लावा, पहिल्यांदा चालू झाल्यावर गाडी आयडलवर सोडू नका, वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास वरखाली ठेवा. तेल २०डब्ल्यू-५०, ज्यात झिंक चांगलं आहे असं. अगदी नव्या गाड्यांसाठीची पातळ तेलं या सपाट टॅपेटांना मानवत नाहीत.

बसवताना

व्हॉल्व्ह बसवून झाले की हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरा आणि चहा घेऊन या. पोर्टमध्ये ओल दिसली तर तो व्हॉल्व्ह पुन्हा काढायचा. कॅम किंवा पिस्टन बदलले असतील तर पिस्टनवर मातीची गोळी ठेवून हेड तात्पुरतं आवळा, इंजिन हातानं दोनदा फिरवा, उघडा आणि माती कापून जाडी मोजा. दोन मिलिमीटरच्या खाली असेल तर थांबा.

गॅस्केट कोरडं, तोंड वर-खाली बघून. नट मधून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत, शेवटी ५० फूट-पाउंड. रॉकरचे छोटे नट २५ वर.

टॅपेट गार इंजिनावर १५ थाऊ. कॅम रीग्राइंड केलेला असेल तर कॅमवाला सांगेल तो आकडा. नऊचा नियम लक्षात ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करा, सहावा दाबलेला असताना तिसरा, चौथा दाबलेला असताना पाचवा. बेरीज नऊ आली की झालं.

इंजिन आता जास्त हवा ओढेल, त्यामुळे एसयू कार्बोरेटरची पेट्रोल मोजून सोडणारी जुनी सुई पातळ (पेट्रोल कमी असलेलं) मिश्रण देईल. त्यात हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते मिश्रण आणखी पातळ करतं आणि जुने रबरी पाइप, फ्लोटची सीलं खातं. पाइप आधी बदला. मग घाटात गिअर धरून चढवा, वर इंजिन बंद करा आणि चारही प्लग काढून बघा. पांढरे पडले असतील तर कार्बोरेटरच्या जेटचा षटकोनी नट एक-दोन बाजू खाली फिरवून मिश्रण घट्ट करा. तेवढ्यानं भागलं नाही तर जाड मिश्रणाची सुई शोधा. खटखट ऐकू आली तर ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागे. आठशे किलोमीटर झाले की गार इंजिनावर हेडचे नट पुन्हा ५० वर तपासा, आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा सेट करा. नट आवळले की फट बदलते.